तिरप्या वेताचे उपकार

हे दयाघना, ज्याला तू हात दिलेस त्याच्या हातांना काम दे. आणि ज्याला काम दिलेस त्याला त्याची चूक दाखवणारा एक तरी माणूस दे. एवढे मागणे तुझ्या चरणी ठेवून कथेला आरंभ करावा.

कथा एका वेतवालीची आहे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे तिचे घर. पुढच्या खोलीत खिडकीखाली खुर्चीची उघडी चौकट, शेजारी पाण्याची बादली, बादलीत भिजत पडलेले वेताच्या पट्ट्यांचे वेटोळे आणि लहान लाकडी खुंट्यांनी भरलेला एक जुना डबा. नवरा पंपाच्या कारखान्यात पाळीवर जाई. सासूबाईंची दृष्टी अधू झाली होती. जीभ मात्र देवाच्या कृपेने लख्ख होती.

शाळेतली मदतनिसाची नोकरी सुटली, त्या दिवसांत घरातली एक फाटकी खुर्ची दुरुस्त करता करता तिला मोबाईलवर एक फोरम सापडला. खुर्च्या विणणारी माणसे तेथे जमत. कोणी फोटो टाकी, कोणी अडचण मांडी, कोणी ती सोडवी. ती तेथे शिकली, आणि शिकता शिकता शिकवूही लागली. वेत किती वेळ भिजवावा, चौकटीचे भोक चिरले तर काय भरावे, पट्टीची चकाकती बाजू कोणीकडे ठेवावी, असे नवख्यांचे प्रश्न येत आणि ती भाजी चिरता चिरता उत्तरे देई. सासूबाईंना हे पटत नसे.

"तोंडही न पाहिलेल्या माणसांना सगळं फुकट शिकवतेस," त्या म्हणत. "उद्या तीच तुझ्या पोटावर पाय देतील."

"आई, मलाही कुणीतरी फुकटच शिकवलं ना?" एवढे बोलून ती पुन्हा खाली मान घालून विणू लागे.

अशात वाचनालयाचे काम आले. तेथल्या ग्रंथपाल बाईंनी आधी सहा खुर्च्या पाठवल्या. काम मनास आले तर आणखी चाळीस पाठवू म्हणाल्या. चाळीस खुर्च्या म्हणजे घरबसल्या वर्षभराचे काम. ते मिळाले नाही तर तिला पुन्हा बाहेर नोकरी धरावी लागणार होती, आणि मग या अंधुक डोळ्यांच्या म्हातारीला दिवसभर एकटीला कोण सांभाळणार? म्हणून सहा खुर्च्यांत तिने जीव ओतला. सहावी पुरी झाली तेव्हा द्यायला चार दिवस बाकी होते. तिने साऱ्या खुर्च्या उजेडात ओळीने मांडल्या, फोटो काढला आणि फोरमवर टाकला.

कौतुकाचा नुसता पाऊस पडला. त्या पावसात एक गार पडली. 'जुना हात' या नावाने एक वृद्ध कारागीर तेथे लिहीत असे. आयुष्य वेतकामात गेलेले, आता बोटे मिटत नव्हती, म्हणून नुसते पाहत असे. त्याने लिहिले होते, "शेवटच्या तिन्ही खुर्च्यांचा तिरपा वेत उलटा गेलाय. तो उभ्या-आडव्यांमधल्या खाचेत बसत नाही, घासतो. सहा महिन्यांत तुटेल. उकला."

तिच्या अंगाची लाही लाही झाली. ज्यांच्या खुर्च्या आहेत ते पाहून घेतील, असे फणकाऱ्याने लिहून तिने मोबाईल पालथा टाकला. सासूबाईंनी सुनेचीच बाजू घेतली. हा कोण टिकोजीराव लागून गेला, जळत असेल मेला, म्हणाल्या. परंतु शब्द काट्यासारखा रुतून बसला होता. अखेर तिने सासूबाईंचा हात धरून त्यांना खुर्च्यांपाशी नेले, आणि काही न सांगता त्यांचा अंगठा एकेका खुर्चीवरून फिरवला.

पहिल्या तीनवरून म्हातारीने अंगठा सहज सरकू दिला. चौथीवर थांबली.

"ही खरखरते गं."

पाचवीही खरखरली, सहावीही. तेव्हा तिला आठवले. उजेड पुरेना म्हणून चौथ्या खुर्चीपासून तिरपा वेत घालताना तिने चौकट फिरवून घेतली होती. बाजू बदलली, पण तिरपी पट्टी कुठे वर घ्यायची नि कुठे खाली, ही हाताची सवय तीच राहिली. डोळसांना दिसले नाही ते अंधुक डोळ्यांच्या अंगठ्याला कळले. देवा, तुझे साक्षीदार तू कुठे कुठे बसवून ठेवतोस!

तिने सर्वांच्या देखत फोरमवर लिहिले, "बाबा, तुमचं बरोबर आहे. मी उर्मट बोलले, माफ करा. आता काय करू?" उत्तर लगोलग आले, रागाचा लवलेशही नसलेले. उभ्या-आडव्या वेताला हात लावू नकोस पोरी, फक्त कड आणि तिरपा काढ. पण काढलेला वेत पुन्हा वापरता येत नाही, आणि तिच्याजवळ एका खुर्चीपुरताच उरला होता. दुकानदार आठ दिवस म्हणत होता. तेही तिने लिहून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. दारात दोन बायका, हातात वेताची वेटोळी. एक बसच्या शेवटच्या थांब्यापाशी राहणारी परिचारिका, दुसरी नदीपलीकडची शिंपीण. दोघींनी भिजवण्यापासून सारे काही तिच्याच उत्तरांतून शिकले होते. पत्ता फोरमवर तिच्या नावाखाली होता; तोंड मात्र आज प्रथम दिसत होते. सासूबाईंनी दोघींची माहेरापासून आडनावापर्यंत चौकशी केली आणि मग बादलीपाशी बसून स्वतः वेत भिजवू लागल्या. विणून झालेल्या प्रत्येक ओळीवर अंगठा फिरवायचा मानही त्यांनी परस्पर घेऊन टाकला. "पोटावर पाय द्यायला आलात होय गं?" असे त्या मधूनच विचारीत, आणि त्या दोघींना कळेना की सून एवढी का हसते आहे.

चौथ्या दिवशी खुर्च्या वाचनालयात पोचल्या. घडले ते लपवून ठेवणे तिला जमले नाही. ग्रंथपाल बाईंनी चष्मा पुसून खुर्च्या पुन्हा पुन्हा निरखल्या.

"तुम्ही सांगितलं नसतंत तर आम्हाला कळलंही नसतं."

"आज कळलं नसतं, बाई. कुणीतरी वाचता वाचता खाली गेला असता, तेव्हा कळलं असतं."

बाई खळखळून हसल्या, आणि चाळीस खुर्च्या कधी पाठवू, असे त्यांनी विचारले.

त्या चाळीस आता तीन घरांत विणल्या जातात. पहिली पुरी झाली तिचा फोटो तिने आधी त्या वृद्धाला पाठवला आणि खाली लिहिले की बाबा, आता सांगा. पलीकडून दोनच शब्द आले, "आता बस." ती त्या खुर्चीवर बसली, आणि बसल्या बसल्या तिने हात जोडले.

हे कृपाळा, तिच्या बोटांतली वीण सैल पडू देऊ नकोस. तिच्या घरच्या म्हातारीचा अंगठा शाबूत राहो, जिभेची धारही राहो. कारखान्यातून परतणाऱ्याला दारात हसू भेटो. नदीपलीकडच्या आणि शेवटच्या थांब्यावरच्या घरांत काम आणि समाधान दोन्ही नांदोत. आणि ज्याची बोटे आता मिटत नाहीत, त्या दूरच्या बापाला, देवा, तुझ्या मांडीची खुर्ची मिळो.