बाटलीत कमी भरलेल्या गोळ्या

शिंप्यापुढे उभा राहिलेला माणूस खोटं बोलू शकत नाही, असं मास्तर म्हणायचे. पोट आत ओढून उभं राहिलेलं गिऱ्हाईक फीत लावायच्या आधीच त्यांच्या ध्यानात येई. "सोडा, साहेब, श्वास सोडा. सदरा तुम्हाला घालायचाय, मला नव्हे," असं म्हणून ते थांबत. गिऱ्हाईक ओशाळून हसलं, पोट जागेवर आलं, की मग माप घेत. जिन्याखालच्या त्या अरुंद दुकानात तीस वर्षं त्यांचं पायमशीन चाललं. बेतात चुकला म्हणून एकही सदरा परत आला नाही. मास्तरांना त्याचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

दुकानाच्या मागच्या दाराने आत गेलं की दोन खोल्या. तिथले मास्तर मात्र वेगळे होते.

लग्नाला दोन वर्षं झाली तेव्हा बायकोला दिवस गेले. इस्पितळात रक्त तपासलं, आणि ती हातात एक कागद घेऊन घरी आली. आजाराचं नाव तिने एकदाच घेतलं, तेही मशीनच्या आवाजात बुडेल इतक्या हळू. मास्तरांनी पाय थांबवला नाही.

"तुमचंही रक्त बघायचं म्हणतात," ती म्हणाली.

"मला काय धाड भरलीय?"

लग्नाआधी मास्तर तीन वर्षं परगावी कपड्यांच्या कारखान्यात होते. तिथे एकटेपणाचे जे दिवस त्यांनी काढले, ते कसे काढले हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कुणाकडून कुणाला आलं हे कळायला त्यांना कागद नको होता. पण कागदावर नाव बायकोचं होतं. मास्तरांची आई तेव्हा हयात होती. ती उंबऱ्यात बसून म्हणाली, "माहेरूनच घेऊन आली असेल. आपल्या घरात असलं काही नव्हतं." बायकोने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर सुईत दोरा ओवत होते. एरवी अंधारातही पहिल्या फटक्यात ओवणाऱ्या माणसाला त्या दिवशी तो दोरा ओवायला फार वेळ लागला.

बायकोला गोळ्या सुरू झाल्या. रोज एक. मुलगी झाली, तिचं रक्त स्वच्छ निघालं. ती दोन वर्षांची होईतो घर सुरळीत चाललं, आणि मग मास्तरांना ताप येऊ लागला. जायचा, चार दिवसांनी पुन्हा यायचा. तोंडात पांढरे डाग आले, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. हे काय आहे ते मास्तरांनी ओळखलं. इस्पितळात जावं, तर तिथल्या लांब बाकावर बायकोशेजारी बसावं लागणार, आणि इतके दिवस गिळलेलं सगळं तोंडातून काढावं लागणार. त्यापेक्षा त्यांनी सोपी वाट धरली. बायकोची बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर असे. दुपारी ती नळावर गेली की अंगात कसर वाटेल त्या दिवशी ते एक गोळी काढून घेत. महिन्याकाठी पाच, कधी सहा.

इस्पितळातून गोळ्या मोजून मिळत. महिन्याच्या जितक्या, तितक्याच. त्यामुळे महिन्याचे शेवटचे पाच-सहा दिवस बायकोची बाटली रिकामी राहू लागली. दर महिन्याला दिवस भरायच्या आधीच बायको इस्पितळात जाऊन सिस्टरला रिकामी बाटली उलटी करून दाखवायची, पण तारखेआधी गोळ्या मिळत नसत. गोळ्या वाटणारी ही सिस्टर मनाने वाईट नव्हती, पण तिच्या जिभेला शिलाई घालणारा शिंपी अजून जन्माला यायचा होता.

"काय हो ताई, तुमच्या घरी गोळ्या उंदीर खातात की काय?" ती सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं विचारायची. "की कुणाला विकता? इथे लोक एकेका गोळीसाठी मैलभर चालत येतात!"

बाकावरच्या बायका हसायच्या. हिचा चेहरा खाली. कार्डावर लाल शाईने लिहिलं गेलं: गोळ्या सांभाळत नाही.

ती घरी येऊन मास्तरांना सांगायची. "मी रोज एकच घेते हो. की विसरून दोनदा घेते? माझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मग तिने मास्तरांचा कापडावर रेघा मारायचा खडू मागून घेतला आणि कपाटाच्या दाराच्या आत रोज एक रेघ ओढू लागली. रेघा बरोबर निघायच्या आणि बाटली चुकायची. तेव्हा तिला वाटलं, खरंच उंदीर असेल. मास्तरांनी स्वतः बाजारात जाऊन पिंजरा आणला. तिसऱ्या दिवशी त्यात उंदीर सापडलादेखील! बायको लहान मुलीसारखी हसली. "बघा! मी वेडी नाही!" मास्तर पिंजरा घेऊन लांब माळावर गेले आणि दार उघडलं. उंदीर पळाला. मास्तर तिथेच बसून राहिले. पुढच्या आठवड्यात ताप आला, तेव्हा त्यांनी पुन्हा फळीवर हात घातला.

चौदा महिने हे चाललं. दर महिन्याला पडणाऱ्या खंडामुळे बायकोच्या अंगातला आजार त्या गोळीला सरावला, गोळी लागू पडेना. तिला दुसऱ्या गोळ्या दिल्या. त्या मोठाल्या होत्या, दोन वेळा घ्यायच्या, आणि पोट ढवळून काढायच्या. कित्येक सकाळी ती भिंतीला हात धरून चालायची. "माझ्याच कर्माने," म्हणायची. मास्तरांचा ताप तोवर गेला होता. त्यांनी गोळ्या सोडल्या आणि ती गोष्ट मनाच्या तळाशी ढकलून दिली.

आठ वर्षांनी ती गोष्ट वर आली. भर दुपारी मशीनवर मास्तरांची शुद्ध हरपली. इस्पितळात नेलं, आणि या वेळी रक्त तपासायला त्यांना कुणी विचारलं नाही. आजार निघाला. बायको शेजारी उभी होती. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "तुम्हाला आधीच ठाऊक होतं?" मास्तर म्हणाले, "शंका होती." तेवढंच म्हणाले.

त्याच वेळी इस्पितळात एका नव्या गोळीची परीक्षा चालू होती. दिवसाला एक, पोटाला त्रास नाही. तीन महिन्यांनी रक्त तपासून गोळी काम करते का ते बघायचं. मात्र या आजाराची एकही गोळी पूर्वी ज्याच्या पोटात गेली नाही, अशीच माणसं हवी होती. डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला शांत. कागदांचा गठ्ठा त्यांनी ओळ न ओळ वाचून दाखवला आणि मग विचारलं, "काका, याआधी कधी एखादी तरी गोळी घेतली होती? कुणाकडून मागून, विकत, कशीही?"

मास्तरांनी तोंड उघडायच्या आत बायको बोलली. "छे हो, बाई. यांनी माझ्या बाटलीला हातसुद्धा लावला नाही कधी."

डॉक्टरीणबाई हसल्या. "त्यांनाच सांगू द्या."

"नाही," मास्तर म्हणाले, आणि सही केली.

तीन महिने बायकोने स्वतःच्या हाताने गोळी दिली. तोंड उघडायला लावून बघायची. "माझ्यासारखं नको व्हायला," म्हणायची. हे एक वाक्य रोज ऐकायचं आणि वर पाणी प्यायचं, असे ते तीन महिने होते.

तपासणीच्या दिवशी बाकावर एक बस कंडक्टर बसला होता, त्याच परीक्षेतला. "माझ्या रक्तात जंतू मोजायलाच सापडत नाहीत म्हणे!" तो मांडीवर थाप मारून म्हणाला. "विनातिकीट होते, उतरवले सगळे!" सगळे हसले. मास्तरांचा आकडा मात्र आला तो आधीपेक्षा वाढलेला. सिस्टरने भुवया उडवल्या. "काका, खिडकीतून फेकता का गोळ्या?"

"मी देते, माझ्या हाताने," बायको पहिल्यांदाच सिस्टरवर आवाज चढवून बोलली. "यांची एकही चुकलेली नाही!"

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना एकट्याला आत बोलावलं. दार लावलं. "काका, बाकीच्यांना गोळी लागू पडली. तुम्हाला नाही. कोऱ्या अंगाच्या माणसाला लागू पडली नाही, असं मला लिहावं लागेल, आणि ते गोळीच्या नावावर कायमचं राहील. पण पूर्वी अशीच गोळी थोडी थोडी, तुटक तुटक घेतली असेल, तर आजार ती ओळखून बसतो. त्याची खूण वर्षांनी पुसल्यासारखी होते. सुरुवातीच्या तपासणीत दिसत नाही. नवी गोळी सुरू झाली की उघडी पडते."

हे मास्तरांना कुणी शिकवायची गरज नव्हती. उसवलेलं कापड नवं म्हणून खपवता येतं. इस्त्री मारली की सुईची भोकं बुजतात. कापड ताणलं की दिसतात. आयुष्यभर त्यांनी असं कापड बोटाने ओळखून गिऱ्हाइकाला परत केलं होतं.

त्यांनी सांगितलं. टेबलाच्या कडेकडे बघत, सगळं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "या परीक्षेतून तुम्हाला काढावं लागेल, कारण लिहून. तुम्हाला दुसऱ्या गोळ्या मिळतील. आणि हे या खोलीबाहेर जाणार नाही. तुमच्या पत्नीलाही आमच्याकडून कळणार नाही."

मास्तर बाहेर आले. म्हणजे अजूनही वाट होती. गप्प राहिलं की संपलं. बायको उठून उभी राहिली. "काय म्हणाल्या?"

"गोळी लागू पडत नाही म्हणाल्या."

तिचा चेहरा पडला. ती हळूच म्हणाली, "माझंच चुकलं असेल. एखाद्या दिवशी द्यायची विसरले असेन. माझा काय भरवसा."

तिचे हे शब्द मास्तरांना सोसले नाहीत. इस्पितळाच्या पायऱ्यांवर, येणाजाणाऱ्यांच्या वाटेत, ते खाली बसले. "तू काही विसरली नाहीस. कधीच नाही. तुझ्या गोळ्या मी खात होतो."

ती उभीच राहिली. तिने विचारलं, "किती महिने?"

"चौदा."

"आणि पिंजरा कशाला आणलात?"

ती पुढे चालू लागली, ते मागून.

चार दिवस ती कामापुरतं बोलली. जेवण वाढलं, दिवा लावला, मुलीची वेणी घातली. मास्तरांनी दोनदा माफी मागितली. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "घरात कसली माफी मागता? मला घरात कुणी हसलं नव्हतं. जिथे हसले तिथे सांगा."

पाचव्या दिवशी नव्या गोळ्या न्यायच्या होत्या. बाक भरलेला. जुन्यातल्या तीन-चार बाया होत्या, कंडक्टर होता. सिस्टरने नाव पुकारलं. मास्तर खिडकीपाशी गेले.

"सिस्टर, आठ-नऊ वर्षांपूर्वी तुम्ही हिला बोलायचात. गोळ्या कुठे जातात म्हणून. त्या मी घेत होतो. चोरून. हिने एकही चुकवली नव्हती."

सिस्टरचा हात ट्रेवर थांबला. ती मास्तरांकडे बघायची सोडून त्यांच्या बायकोकडे बघू लागली, आणि तिची ती धारदार जीभ काही केल्या हलेना.

मास्तर मागे वळले. संपलं असं त्यांना वाटलं. बायको बाकाच्या टोकाला पदर सावरून ताठ बसली होती.

"सगळ्या बाकाला ऐकू गेलं नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी श्वास सोडला, आणि मोठ्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.