आचोच्या खोलीतला कचरा

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात चोझोम आमालाचं राज्य होतं, आणि तिथे येणाऱ्या माणसाचं नाव काय असावं हेही तीच ठरवायची. परदेशातून स्वयंसेवक यायचे, दोन-तीन महिने राहायचे, म्हाताऱ्यांना इंग्रजी नि व्यायाम शिकवायचे, आणि त्यांच्या नावावर आमालाची जीभ जरा कुठे वळायला लागली की बॅगा भरून चालू पडायचे. शेवटी तिने नादच सोडला. माणूस ज्या वारी जीपमधून उतरला, तो वार हेच त्याचं नाव. आमच्या तिबेटी लोकांत पोरांची नावं सर्रास अशी ठेवतात, मग या इंजींना, गोऱ्या पाहुण्यांना, काय वेगळं सोनं लागलंय? म्हणून कॅनडात जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला, ताडमाड उंचीचा डग्लस गुरुवारी उतरला आणि फुर्बू होऊन बसला.

फुर्बूला एकच खोड होती. त्याला रिकामं बसवायचं नाही. मुळे चिरून दे, पाणी भर, कुणाच्या खाटेचा पाय ठोकून दे, सतत काही ना काही चालूच. पहिल्या आठवड्यात मात्र चहाने त्याला पार आडवा केला. कपात काही शिल्लक टाकू नये असं त्याला त्याच्या आईने शिकवलेलं, आणि समोरच्याचा कप रिकामा दिसला तर आमालाला स्वतःची लाज वाटणार. तो संपवायचा, ती भरायची. लोणी-मिठाच्या चहाने बिचाऱ्याचं पोट नगाऱ्यासारखं झालं.

आश्रमातली सगळ्यांत म्हातारी कुन्सांग मोला, म्हणजे कुन्सांग आजी, शेवटी म्हणाली, "अगं, जीव घेतेस का त्याचा?"

"त्याची तहानच भागत नाही, त्याला मी काय करू?" आमाला म्हणाली आणि तिने पुन्हा किटली वाकडी केली.

हळूहळू तो शिकला. कपात घोटभर चहा ठेवायला शिकला. सकाळी म्हाताऱ्यांबरोबर गोम्पाला, म्हणजे मठाला, प्रदक्षिणा घालताना लांब ढांगा टाकून सगळ्यांच्या पुढे जायचा, ते सोडून मोलाच्या काठीच्या चालीने चालायला शिकला. आमाला तोंडाने कधी बोलली नाही, पण हा फुर्बू तिला आवडायला लागला होता.

आश्रमात अगदी टोकाच्या खोलीत तिचा थोरला भाऊ राहायचा, आचो थारचिन. तिबेटातून बर्फाच्या खिंडीतून निघाले तेव्हा ती एवढीशी होती आणि त्याने तिला पाठीवर बांधून आणलं होतं. आईबाप मागेच राहिले. तेव्हापासून ही दोघं रोज भांडत आली होती. चहात मीठ जास्त झालं यावरून, खिडकी उघडी का यावरून, काहीच नसलं तर हवेवरून. आचोच्या पित्ताशयात खडे झाले आणि खाली कांगड्याच्या इस्पितळात ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, वय फार आहे, काळीज कमजोर आहे, आम्ही खात्री देत नाही. आमालाच्या तोंडचं पाणी पळालं. पण स्वयंपाक टाकून तिला जाता येईना, म्हणून वस्तीच्या दवाखान्यातली नर्स सोबत निघाली.

निघताना सगळं रीतीप्रमाणे झालं. आचोच्या गळ्यात खाता, शुभेच्छेचा पांढरा रेशमी पट्टा, घातला. त्याच्या पुढे काठोकाठ चहा ठेवला, त्याने ओठ लावले आणि कप तसाच भरलेला ठेवून तो उठला. उरलेला चहा प्यायला माणसाने परत यावं, म्हणून. जीप वळणाआड गेली आणि आमाला दिवा लावायला गोम्पात गेली.

परत येऊन बघते तर काय! आचोची खोली लख्ख. फुर्बूने झाडू मारला होता, लादी पुसली होती, चादरी उन्हात टाकल्या होत्या. चहा ओतून, कप धुऊन, निथळायला पालथा घातला होता. आणि स्वारी दारात उभी, शाबासकीची वाट बघत.

आता हे कुणी त्याला सांगायला हवं होतं का? आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं की प्रवासाला गेलेल्याच्या मागे घरात झाडू लावायचा नसतो. त्याची परतीची वाट झाडली जाते. आणि पालथा कप तर मेलेल्या माणसाचा! आमाला दाराची चौकट धरून उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कप सुलटा केला आणि निघून गेली.

संध्याकाळी तिने सगळ्यांचे कप भरले, फुर्बूचा नाही. सकाळीही नाही. गड्याला आधी वाटलं, सुटलो! मग त्याच्या लक्षात आलं की बाईचे डोळे सुजलेत. तो मोलाकडे गेला. मोलाने त्याला झाडू दाखवला, कप पालथा करून दाखवला, डोळे मिटून मान टाकून दाखवली. नटीच ती जन्माची. फुर्बूचा चेहरा पांढराफटक पडला.

दुपारी तो गायब. आणि चहाच्या वेळी आला तो पाठीवर पोतं घेऊन, कोपरापर्यंत घाणीने माखलेला. वस्तीचा सगळा कचरा ज्या खड्ड्यात पडतो, त्यात उतरून आला होता.

"आमाला," आपल्या मोडक्यातोडक्या बोलीत तो म्हणाला, "मी वाईट झाडला. आता परत आणला. आचोचा धूळ. सगळा."

"सगळा वस्तीचा आणलास की रे!" मोला नाक दाबत म्हणाली. "आणि एकदा झाडलेलं परत आणून काय उपयोग?"

"आधी कुणी आणून बघितलंय?" आमाला फिसकारली.

आमालाने पोतं उचललं, टोकाच्या खोलीत नेऊन जमिनीवर मोकळं केलं, स्वतःच्या हातांनी पसरलं. चांगला भरलेला कप उशाशी ठेवला. दार लावून बाहेर आली आणि फुर्बूपुढे किटली घेऊन उभी राहिली. "बस खाली. मूर्ख आहेस अगदी," ती म्हणाली आणि भरभरून रडली.

त्याच संध्याकाळी नर्सचा फोन आला. ऑपरेशन झालं होतं, पण आचो अजून शुद्धीवर नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच. आमालाने थुक्पा रांधला तो अळणी, मोमो वळले ते फुटके, आणि आश्रमात एकाही म्हाताऱ्याने कुरकुर केली नाही. तिसऱ्या दिवशी फोन वाजला तेव्हा ती उचलेचना. फुर्बूने उचलला. ऐकता ऐकता त्याने हात उंचावून बोटं तोंडाकडे नेली, घास घेतल्यासारखी. "उठला! भूक! शिव्या देतो नर्सला!" आमालाचा जीव भांड्यात पडला.

आचो परतला तो वाळलेल्या जर्दाळूसारखा होऊन, पण जीभ शाबूत. खोलीचं दार ढकललं आणि उंबऱ्यावरच थबकला.

"हे काय गं? कोंबडीची पिसं? खडू? मी कधी शाळेत गेलो होतो? आणि हा कुणाचा बूट? चोझोम, यातलं काडीभरही माझं नाही!"

"नसू दे."

"नसू दे काय! चार दिवस गेलो नाही तर माझ्या खोलीचा उकिरडा..."

"नसू दे म्हणते ना!" आमालाने त्याची बाही घट्ट पकडली. तिचा आवाज फाटला. "घाण कुणाचीही असो. तू आलास ना? तू गेला असतास तर मी कुणाशी भांडले असते? मला पाठीवर घेतलेलं दुसरं कोण उरलंय या जगात, सांग!"

आचोने हात तिच्या डोक्यावर ठेवला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला. "आमाला, दूध!" असं ओरडत फुर्बू तिकडे धावला, एक पातेलंही पडल्याचा आवाज झाला. आमालाने बाही सोडली नाही.