आतून न घासायची चहादाणी

जुन्या चांदीच्या चहादाणीचं लोकांना एवढं कसलं कौतुक असतं, देव जाणे. मला ती नुसती दिसली तरी मळमळतं.

मलकापूरला माझे सासरे कापसाची दलाली करत. सरकी काढायच्या जिनातला साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात त्यांनी ती घेतली. फुगीर पोट, बाकदार तोटी, झाकणावर नक्षीचं बोंड. बाहेरून मी तिला रांगोळीने घासून लखलखीत करायची. आत मात्र बोट घालायची बंदी! "चव मरते तिची," सासरे दटावत. साहेबाच्या खानसाम्याने त्यांना तसं सांगितलं होतं. पण साहेब तीत नुसतं पत्तीचं पाणी ओतायचा. आम्ही ओतायचो दूधसाखर घालून खळखळ उकळलेला चहा. आत सायीवर साय चढली, काळी पडली, आंबली. झाकण उघडलं की नासक्या दुधाचा भपकारा यायचा. आणि नागपूरहून आलेले अंमलदार घोट घेऊन म्हणत, वा, चांदीची चव काही औरच! मेले खोटारडे.

थंडीचे दिवस होते, मला सातवा महिना. बाबा वडनेरहून बैलगाडी घेऊन मला बाळंतपणासाठी न्यायला आले. सासरे काही केल्या हो म्हणेनात. "इथं काय सुइणी नाहीत?" हेच त्यांचं पालुपद. चहा मीच ओतला. तोटीतून आधी काही येईना, मग बदकन एक काळपट गोळा बाबांच्या कपात पडला. त्याला मेलेली मुंगी चिकटलेली. बाबांनी ती पाहिली. सासरे बाबांच्या तोंडाकडे टक लावून होते. बाबांनी कप उचलला आणि तळापर्यंत पिऊन टाकला.

"काय चव आहे हो, व्याही! आमच्या पितळीतल्या चहाले ही चव कुठची!"

सासरे फुलले. "घ्या मंग अजून." सासूबाईंनी दुसरा कप भरायला घेतला. मला तिथे उभं राहवेना. तोंडाला पदर लावून परसात पळाले आणि भडाभडा ओकले. परत आले तर सासूबाई माझं गाठोडं बांधत होत्या.

गाव मागे पडल्यावर बाबांनी गाडी थांबवली आणि ते शेताच्या धुऱ्याआड गेले. त्यांच्या ओकण्याचा आवाज मला गाडीपर्यंत ऐकू येत होता. शिसारीने आणि संतापाने मला रडू फुटलं.

"एक पेले ते पेले. दुसरा काऊन पेले, बाबा?"

"पहिल्यावर ते बाळंतपणापुरतं हो म्हणले," बाबा तोंड पुसत म्हणाले. "दुसऱ्यावर तुहा माहेरचा उन्हाळा मागून घेतला, माय."