सहा महिन्यांची श्रीमंत बाई

"मॅडम, साठ हजाराचं पर्सनल लोन पायजे होतं. बाळासाठी," सिद्धाराम म्हणाला.

बाळ त्याच्या मांडीवर होतं. सहा महिन्यांची मुलगी, नाव आरोही. तिने माझ्या टेबलावरचा शिक्का उचलला आणि सरळ तोंडात घातला.

"हिला कशाला साठ हजार?" शिक्का सोडवत मी विचारलं.

"हिला न्हाय ओ. हिच्या आईला."

आई, म्हणजे पल्लवी, एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन. पगार अठरा हजार. बाळंतपणाची रजा महिनाअखेरीस संपत होती. आणखी तीन महिने रजा मिळत होती, पण बिनपगारी. सिद्धाराम टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. त्याच्या एकट्याच्या पगारात घर चालत नव्हतं.

"अजून नुसती पालथी पडते हो," पल्लवी म्हणाली. "तीन महिने मिळाले तर बसायला तरी लागेल. एवढंसं टाकून कसं जायचं?" बोलता बोलता तिचे डोळे भरले. मला तिचं फार वाईट वाटलं. माझ्या मुलांच्या वेळी मीही अशीच रडत कामावर आले होते.

मी सोलापुरात एका बँकेच्या शाखेत लोनचं डेस्क सांभाळते. महिना संपत आला होता आणि टार्गेट अपुरं होतं. दोन पगार असलेलं जोडपं स्वतःच्या पायांनी चालत आलेलं. मी खुशीत स्टेटमेंट उघडलं. लोन देताना आम्ही नुसता पगार बघत नाही. पगार आल्यावर तो कुठे कुठे जातो आणि घर चालवायला किती उरतो, ते बघतो.

यांचा पगार यायचा आणि दोन दिवसांत निघून जायचा.

"हे पाच हजार कसले?"

"चाइल्ड प्लॅन," पल्लवी म्हणाली. "माझा दादा विम्याचं काम करतो. बारशापासून मागे लागला होता, पॉलिसी गेल्या आठवड्यातच आली."

"विमा कुणाचा?"

"बाळाचा."

"घरात कमावतं कोण? बाळ?"

सिद्धाराम हसला. पल्लवी हसली नाही, भाऊ तिचा होता.

"हे तीन हजार?"

"आरडी. बाबांनी काढायला लावली." आरडी म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम बाजूला टाकायची, मुदत संपली की व्याजासकट मिळते.

"आणि हे चार?"

"मुलीच्या नावाचं सरकारी खातं. सगळेच काढतात की."

हळूहळू उलगडा झाला. लोकांच्या बारशाला झबली-टोपडी येतात. यांच्या बारशाला नातेवाईक फॉर्म घेऊन आले होते. पाळण्यात नाव ठेवलं आणि लगेच त्याच नावाने सह्या घ्यायला सुरुवात झाली. जवळच्या माणसाला नाही म्हणायचं कसं, म्हणून यांनी सगळ्यांना हो म्हटलं.

"आनि एक हाय मॅडम," सिद्धाराम म्हणाला. "ते तितं दिसायचं न्हाय."

पल्लवी कानडीत काहीतरी पुटपुटली. सांगू नका, असंच असणार.

"पिग्मी हाय. आमच्या अक्काची. रोज शंभर."

पिग्मी म्हणजे रोजची थोडी थोडी बचत. पतसंस्थेचा एजंट दारात येतो, रोख पैसे घेतो, हातातल्या छोट्या मशीनमधून पावती काढून देतो. सिद्धारामची मोठी बहीण महानंदाअक्का हेच काम करायची. रोज शंभर म्हणजे महिन्याला तीन हजार.

मी बेरीज करून कागद त्यांच्यासमोर फिरवला. बाळाची बचत पंधरा हजार. आईचा पगार अठरा.

"तुमच्या घरात एकच श्रीमंत माणूस आहे," मी म्हटलं, "आणि तिला अजून दात आलेले नाहीत. ती मोठी झाल्यावर लागणारे पैसे तुम्ही साठवताय. ती सातव्या महिन्यात काय करणार, त्याची सोय नाही."

दोघं आरोहीकडे बघत राहिले. आरोही परत शिक्क्याकडे बघत होती.

मग आम्ही कामाला लागलो. नवी पॉलिसी हातात आल्यावर ठरावीक दिवसांत परत करता येते, ती परत करायची. आरडी बंद. सरकारी खात्यात वर्षभरात कधीही थोडे भरले तरी चालतं, तिथला महिन्याचा हप्ता थांबवायचा. पिग्मी बंद. पल्लवीच्या अठरातले उरलेले तीन हजार हॉटेलातून मागवण्यात जात होते, ते स्टेटमेंटमध्ये स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यावर दोघं जरा ओशाळले.

"पन सगळ्यांना सांगायचं काय?" सिद्धारामने विचारलं.

"बँकेच्या मॅडमनी बंद करायला लावलं म्हणा. मला शिव्या पडू देत."

ते गेले आणि मॅनेजर साहेबांनी हाक मारली. "मॅडम, ती फाइल झाली?"

"नाही सर. त्यांना लोनची गरज नाही."

"गरज नसलेल्यांनाच तर देतो आपण!"

दोन-तीन दिवसांनी शिव्या आल्या. आरोहीच्या विमेवाल्या मामांनी त्या फोनवरच दिल्या आणि आठवडाभर रुसून बसले. महानंदाअक्का मात्र भर उन्हात स्वतः आल्या. खांद्याला पिशवी, हातात मशीन, कपाळावर विभूती.

"तुमीच का त्या लोनवाल्या?"

"हो. बसा ना."

"बसायला न्हाय आले. आमच्या पोरीचं खातं कशाला बंद केलं तुमी?"

मी सगळं समजावलं. पल्लवीला तीन महिने घरी राहता येईल, हेही सांगितलं.

"ऱ्हाऊ दे की! लई चांगलं हाय. पन माजं खातं कशाला?"

"अक्का, शंभरावर तुम्हाला कमिशन किती मिळतं?"

"तीन रुपये."

"तीन रुपयांसाठी एवढ्या उन्हात आलात?"

अक्का न सांगताच खुर्चीत बसल्या.

"तीन रुपयासाठी न्हाय ओ. मी एकटीच ऱ्हाते. चारला त्यांच्याकडं जाते, पोरीला मांडीवर घेते. मशीनमदनं चिट्टी निघताना करकर वाजतं ना, ती खुदुखुदु हसते. रोज नुसतीच गेले तर म्हनतील, ही उटली की येऊन बसते. पैशे न्यायला गेलं की कसं, कामाला आली म्हनतात. आता कुटलं कारन काढू?"

सगळे हप्ते मी एकाच मापाने मोजले होते. माझ्या बेरजेत अक्का तीन हजार रुपये होत्या.

"पिग्मी दहा रुपयांची होते का हो?" मी विचारलं.

"व्हय की. पानटपरीवाले भरतात."

"मग दहाची करा. रोज जा."

अक्कांनी मनातल्या मनात हिशेब केला. "तीस पैशे पडतील मला," त्या म्हणाल्या, आणि तोंडावर पदर धरून हसत सुटल्या.

पल्लवीला तीन महिने मिळाले. नंतर एकदा ती कामावरून घरी जाताना पासबुक भरायला आली. अंगावर लॅबचा कोट होता.

"आरोही कुणाकडे असते?"

"अक्कांकडेच. त्यांनी दुकानांची फेरी संध्याकाळवर नेली. दिवसभर त्या सांभाळतात. मशीनची अर्धी बटणं पोरीने खिळखिळी केलीत."

"त्यांना काही देता की नाही?"

"मी विचारलं, महिन्याला काय द्यायचं? लई भडकल्या. म्हणाल्या, द्यायचंच असलं तर पिग्मी परत शंभराची कर."

"मग?"

"केली ना. नाही कसं म्हणणार?"

साठ हजारांचं लोन त्या महिन्यात माझ्या टार्गेटमध्ये धरलं गेलं नाही ते नाहीच. पण तेव्हापासून कुणी हप्ते कमी करायला समोर बसलं की मी रकमेच्या आधी एक प्रश्न विचारते. आमच्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. हप्ता न्यायला घरी कोण येतं?