चटणी, पेरू आणि दोन कार्डं

सोयराबाईंना कुणी वाईट म्हटलं असतं तर हलसूरच्या आश्रमातल्या सव्वीस मुली त्याच्या अंगावर धावून गेल्या असत्या. पण रविवारी बाईंच्या वाटेला जायची सोय नव्हती. रविवारी त्यांच्या पोटात दुखायचं, आणि ते दुखणं डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हतं.

बाई मूळच्या निपाणीच्या. नवरा लवकर गेला. भावाला बंगळूरच्या विमानाच्या कारखान्यात नोकरी लागली, तशा त्याच्यामागून आल्या आणि बावन्न साली आश्रमाच्या मेट्रनबाई झाल्या. मुली त्यांना अक्का म्हणत. कुणाला भोपळा चालत नाही, कुणाच्या डोक्यात पुन्हा उवा झाल्यात, कोण रागावली की जेवत नाही, सगळं अक्कांना तोंडपाठ. स्वतःचं असं दुसरं काही त्यांनी जमवलंच नव्हतं.

आता दुखणं काय ते ऐका. मुली त्यांच्याकडे यायच्या त्या पाच वर्षांच्या होऊन, के. आर. पुरमच्या शिशुगृहातून. आणि बारा वर्षांच्या झाल्या की जायच्या मल्लेश्वरमच्या वसतिगृहात, कारण हायस्कूल तिकडे. म्हणजे मधली सात वर्षं तेवढी सोयराबाईंची. पहिलं पाऊल बघायचं दुसरीने, पहिली साडी नेसवायची तिसरीने, आणि यांनी काय करायचं, तर उवा काढायच्या.

शिशुगृहाच्या कस्तुराबाई सत्तरीच्या पुढच्या. दर रविवारी सकाळी बसने पिशवीभर पेरू घेऊन येत. जूनमध्ये आलेली अहल्या आठवडाभर सोयराबाईंचा पदर धरून हिंडायची; पण फाटकात म्हातारी दिसली रे दिसली, की पदर सोडून ‘अज्जी, अज्जी’ करत सुसाट सुटायची. बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पेरू वाटून लाडकी व्हायला काय लागतं, तापात उशाशी कोण बसतं, असं त्या स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांना सुनावत.

दुपारी यायची ती कल्पना, सात वर्षं बाईंच्या हाताखाली वाढलेली. तीही त्याच जूनमध्ये मल्लेश्वरमला गेलेली. आली की तिथल्या मेट्रनबाईंच्या कौतुकाने तोंडाला खळ नाही. आमच्या प्रमोदिनीबाई हार्मोनियम शिकवतात, आमच्या प्रमोदिनीबाई इंग्रजी पेपर वाचतात. त्या ‘आमच्या’वर बाईंचा जीव जळून जायचा. त्या नुसत्या हं म्हणत आणि तिच्या ताटलीत आणखी चटणी वाढत. पोर गेली की म्हणत, हार्मोनियमने काय पोट भरतं का?

बासष्ट साली शहरातल्या बालगृहांचा संघ निघाला. चिटणीस त्रिविक्रमराव म्हणजे टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले मोठे शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी प्रत्येक सभासदाला एक कार्ड पाठवलं: संघाकडून आपल्याला काय हवं ते लिहा, नाव घालायची गरज नाही. कुणी डॉक्टर मागितला, कुणी दुधाची पावडर वेळेवर मागितली, कुणी स्वयंपाकिणींना शिक्षण. सोयराबाईंनी तीन दिवस विचार केला आणि लिहिलं, ‘नव्या संस्थेत आलेल्या मुलीला जुन्या संस्थेच्या माणसांनी वर्षभर भेटू नये. अशाने मूल रुळत नाही. संघाने तसा नियम करावा.’ मूल रुळत नाही, हे त्यांना फारच झकास साधलं असं वाटलं. त्याखालचा जळफळाट कुणाच्या बापाला कळला नसता.

सभा चामराजपेटेतल्या एका शाळेत होती. कस्तुराबाईंना दिसत कमी, त्या सोयराबाईंचा हात धरून पायऱ्या चढल्या आणि शेजारीच बसल्या. पुढच्या रांगेत प्रमोदिनीबाई, साडीला कडक इस्त्री. ती इस्त्रीसुद्धा बाईंना खुपली.

त्रिविक्रमराव एकेक कार्ड वाचत होते. एक त्यांनी जरा थांबून वाचलं. “मुली रविवार आला की जुन्या संस्थेकडे पळतात. इथे काहीही करून घाला, म्हणतात, आमच्या अक्कांच्या चटणीची सर नाही. मूल रुळत नाही. वर्षभर भेटी बंद कराव्यात.”

चटणी! सोयराबाईंच्या काळजात गार गार झालं. पोर तिकडे जाऊन आपल्या चटणीचं कौतुक सांगते होय? त्यांनी पुढे पाहिलं, तर प्रमोदिनीबाईंची मान लालबुंद झालेली. असं सुख बाईंना वर्षानुवर्षांत मिळालं नव्हतं.

ते मिनिटभरसुद्धा टिकलं नाही. त्रिविक्रमरावांनी पुढचं कार्ड उचललं आणि सांगितलं की आणखी एका सभासदाचीही हीच मागणी आहे, तेव्हा गरज खरी दिसते, हरकत नसेल तर नियम करून टाकू.

कस्तुराबाई सोयराबाईंच्या कानाशी वाकल्या. “वर्षभर? वर्षभराने मी असेन का गं?” बस किती वाजता आहे, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

गप्प बसलं तर म्हातारीचा रविवार गेला आणि कल्पनाचाही. बोललं तर भर सभेत अब्रू गेली. सोयराबाई उठल्या.

“दुसरं कार्ड माझं आहे,” त्या म्हणाल्या. “मी खोटं लिहिलं. मूल रुळतं. मीच रुळत नाही. पोर दुसरीकडे धावली की माझ्या पोटात दुखतं. त्याला संघ काय करणार?”

सगळे खाली बघायला लागले. मग मागे वळून न बघता प्रमोदिनीबाई म्हणाल्या, “पहिलं माझं. तेही फाडून टाका.” त्रिविक्रमरावांनी दोन्ही कार्डं बाजूला ठेवली आणि घाईघाईने दुधाच्या पावडरीवर आले. कस्तुराबाई परत जाताना मात्र सोयराबाईंचा हात न धरता, भिंत चाचपत पायऱ्या उतरल्या.

रविवारी दहा वाजून गेले तरी त्या आल्या नाहीत. सोयराबाई चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आल्या. म्हातारी आता कसली येते, असं मनाशी म्हणतात तोच बस चुकल्याची कुरकुर करत पिशवी घेऊन त्या हजर. अहल्या पदर सोडून धावली, आणि पोटात अगदी पहिल्यासारखंच दुखलं.

दुपारी कल्पना आली, ती प्रमोदिनीबाईंना बरोबर घेऊन. आल्या आल्या तिने त्यांचा हात सोडला आणि सोयराबाईंच्या गळ्यात पडली. प्रमोदिनीबाई फाटकातच हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होत्या, छत्रीची मूठ घट्ट आवळून. सोयराबाईंनी ती मूठ ओळखली. या, स्वल्प चटणी चाखून बघा, म्हणत त्यांना आत आणलं, कस्तुराबाईंच्या शेजारी बसवलं आणि उप्पिट वाढलं.

कस्तुराबाई पेरूच्या फोडी करत होत्या. “पहिली दोन-तीन वर्षं फार दुखतं,” मान वर न करता त्या म्हणाल्या.

“मग?” प्रमोदिनीबाईंनी विचारलं.

“मग पेरू आणायची सवय लागते.”