पडद्यावरची जाऊ

पडद्यावर माझी जाऊ पाण्याचा गडवा हाताने मागे सारत होती आणि हसत होती. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. मास्तरांनी चित्र तिथेच थांबवलं, पडद्याजवळ गेले आणि तिच्या डोक्यावरच्या फाटक्या ताडपत्रीवर बोट ठेवून पोरांना विचारलं, "इथे तुम्हाला काय दिसतं?"

एक म्हणाला सावली. दुसरा म्हणाला रंग. एक मुलगी म्हणाली, बाईनं रस्ता आपलासा केला आहे. मास्तर मान डोलवत होते. मी पहिल्या रांगेत गळ्यात हार घालून बसले होते, कारण मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. गडवा धरणारा हात माझा होता.

हे मास्तर मोठ्या शहरातल्या कॉलेजात घरं-रस्ते कसे बांधावेत ते शिकवतात, तेही सिनेमे दाखवून. सिनेमात गल्ली कशी दिसते, माणसं कुठे टेकतात, कुठून चालतात, ते पोरांनी बघायचं आणि त्यावरून शहर समजून घ्यायचं. मागच्या उन्हाळ्यात ते पोरांना घेऊन वाशिमला आले आणि कॅमेरा लावून आमच्या आठवडी बाजाराचं चित्र त्यांनी स्वतःच काढलं. यंदा ते पोरांना घेऊन परत आले, आणि चित्र गावाला दाखवायला शाळेच्या हॉलात पडदा लावला होता.

आम्ही दोघी जावा. गावाबाहेर आमचा मळा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन पहाटे बाजारात यायचं आणि अंधार पडला की निघायचं. बाजारात बाईला जायला जागा नाही. पूर्वी होती. कडेला टॉकीज होती, तिला बायकांचं वेगळं दार होतं आणि आत बायकांची मुतरी. खेळ चालू असला की दरवान मेथीची जुडी घेऊन आम्हाला आत सोडायचा.

"तुमी खेय तं पाहतच नाही वो," तो म्हणायचा. "टॉकीज का मुतरीसाठी बांधली?"

"तुह्या खेयात काय हाय पाह्यासारखं? ते बाई आंदी रडते, मंग गाणं म्हनते," मी म्हणायची.

"अन् तुमी जुडी देता ते बी किडकी!"

परत निघताना मी पडद्याच्या बाजूच्या दारात जरा थांबायची. शहरं मी तशीच पाहिली, तुकड्यातुकड्यानं. रुंद रस्ते, दिवे, समुद्राच्या कडेनं फिरणारी बाई. ती दिवसभर फिरायची आणि तिला कधी कुठे जावं लागायचं नाही.

टॉकीज बंद पडली, मग पाडली. तिथे दुकानांची इमारत उभी राहिली. खाली संडास आहे, पण कुलूप लावलेला, किल्ली दुकानदारांकडे. मागायला गेलं तर म्हणायचे, "मावशी, घरून जाऊन येत जा ना."

जावेनं बाजाराच्या दिवशी पाणी पिणं सोडलं. वाशिमचा बाजार, अनसिंगचा बाजार, आणखी एखादा. आठवडा त्यातच जायचा. उन्हात बसून ती नुसते ओठ ओले करायची. मी पाणी प्यायची आणि इमारतीच्या मागच्या भिंतीआड बसायची. माणसं ये-जा करायची. मी पदरानं तोंड तेवढं झाकायची, बाकी ज्याला जे दिसेल ते दिसो. तिलाही बोलवायची.

"चाल वं."

"नाही बाई. लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. त्यायच्या मायबहिनी बसत नाही का?"

"तुमाले लाजच नाही," म्हणायची आणि हसायची. तिला कशाचंही हसू यायचं, दुखण्याचंसुद्धा.

आधी जळजळ, मग ताप. डॉक्टर म्हणाले, पाणी पीत जा. ती घरी प्यायची, बाजारात नाही. चित्र काढून पोरं गेली आणि त्याच उन्हाळ्यात ती भाजीच्या पाटीवरच कोसळली. दवाखान्यात सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं गेली. पेरण्या व्हायच्या आत ती संपली.

हॉलात मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. "सर, त्या पाणी नको का म्हणतात?"

मास्तरांनी चित्र थोडं मागे नेलं आणि आवाज वाढवला. माझी जाऊ सगळ्या हॉलाला ऐकू जाईल असं बोलली, "नको बाई. पेलं तं जा लागते."

गावातले बापे हसले.

"कुठे जावं लागतं?" मास्तरांनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"बाथरूमला, सर," मुलगी म्हणाली.

मग कोणी हसलं नाही. मास्तर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आजी, हा भाग काढून टाकू का? घरच्यांना वाईट वाटेल."

"कायले काढता? रंग दाखवले, सावली दाखवली, हे बी दाखवा."

"दर वर्षी नव्या मुलांना दाखवीन."

"दाखवा. पन ते हसून राह्यली म्हनून सुखात होती, असं सांगू नका."

त्यांनी मान खाली घातली. माणूस वाईट नव्हता. शेवटी गावातल्या एका पुढाऱ्यानं आभार मानले आणि बायकांसाठी सोय प्लॅनमध्ये आहे असं जाहीर केलं. टाळ्या झाल्या. ती सोय टॉकीज पाडली तेव्हाही प्लॅनमध्येच होती. पुढच्या बाजाराला मी गेले, तेव्हा कुलूप तसंच होतं.

आम्ही दोघी एकाच ताडपत्रीखाली बसत होतो. जाऊ मेली. मी जिवंत आहे, कारण मी भिंतीआड बसत होते.