मागाच्या खड्ड्यावरची गाडी

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकच मोटार घेतली आणि ती बैलबंडीवर चढून घरी आली.

गाडी चालत नव्हती. एका कडुनिंबावर आपटून तिचं तोंड चेपलं होतं, इंजिन फुटलं होतं. ट्रक आमच्या गल्लीत शिरत नाही, म्हणून बंडी. पुढे दोन बैल, वर पांढरी मोटार, आणि बाजूने माझा नवरा चाकाला हात लावून चालत होता. माझी मोठी जाऊ शेजारीच राहायची. ती ओट्यावरून ओरडली, "अवं, पाह्य वं बाई! भाऊजी मोटर आणून राहिले का मोटरची मयत?"

नवरा बंडीवाल्याला म्हणाला, "हळू घे गा." बस.

हे असं का झालं ते सांगते. आमचं घर विणकरांचं, नागपुरात गोळीबार चौकाच्या मागे. सासऱ्यांचे दोन माग होते. नवऱ्याला लहानपणापासून मागावर बसणं आवडत नव्हतं. पंधराव्या वर्षी तो लकडगंजातल्या एका गॅरेजात चिकटला आणि तिथेच मिस्त्री झाला. मी उमरेडची, विणकराचीच मुलगी, चौथी शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा त्याच्या वाट्याचा माग माझ्याकडे आला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला माग येत होता, स्वयंपाक फारसा येत नव्हता.

गॅरेजात त्याची बत्तीस वर्षं गेली. तेव्हाच्या जड, जुन्या गाड्या नुसत्या आवाजावरून ओळखायचा. गाडी फाटकातून आत येते आहे तोवर सांगायचा, हिचा अमुक पार्ट गेला. जुने शेठ त्याच्या शब्दाबाहेर नव्हते. मग ते वारले आणि त्यांचा मुलगा गल्ल्यावर बसला. त्याला सगळे छोटा शेठ म्हणायचे. लहानपणी शाळा बुडवून तो गॅरेजात यायचा आणि माझ्या नवऱ्याच्या डब्यातली भाकर खायचा.

त्याच सुमाराला ती नवी छोटी गाडी आली. मागे डिक्की नाही, मागचं काचेचं दार वर उघडतं. जुन्या गाड्यांत इंजिन उभं बसायचं आणि मागची चाकं ढकलायची. हिच्यात ते आडवं, आणि पुढचीच चाकं गाडी ओढतात. नागपुरात अशा गाड्या दिसायला लागल्या, तशी एक आमच्या गॅरेजातही दुरुस्तीला आली. नवऱ्याने बॉनेट उघडलं. तेवढ्यात छोटा शेठ गिऱ्हाइकासमोर म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही ट्रक पाहा. ही तुमच्या बसची नाही."

त्या दिवशी नवरा भर दुपारी घरी आला. सायकलच्या कॅरिअरला पान्यांची पेटी बांधलेली. काय झालं ते मी विचारलं नाही. ते मला दोन दिवसांनी जावेकडून कळलं, तिला लकडगंजात राहणाऱ्या तिच्या भावाकडून कळलं होतं.

तो महिना-दीड महिना घरी बसला. घरात रिकामा बसलेला पुरुष म्हणजे मागावर बसलेलं मांजर. काम करत नाही आणि करूही देत नाही. मी मागावर बसून धोटा मारायला लागले की म्हणायचा, आवाज लय होते. मी थांबले की म्हणायचा, काहून थांबली? आमच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या होत्या, त्यामुळे सगळं माझ्याच वाट्याला. शेवटी मी म्हटलं, "जा कुठंतरी. काही तरी आणा, नाही तर काही तरी मोडा."

तर त्याने मोडलेलंच आणलं.

बंडी रिकामी झाल्यावर मी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "आता हिच्यात काय टाकता?"

"जीपचं इंजिन."

"काय?"

"कामठीले भंगारवाल्याकडं एक जीप उलटून पडली आहे. लहानवाली. तिचं इंजिन साबूत आहे. चार सिलिंडरचं. हिचं तिनाचं होतं."

"तिनावर चालत नव्हती का?"

"चालत होती."

"मग?"

त्याने गिलास खाली ठेवला. "तिनाचं टाकलं तर छोटा शेठ म्हणन, कंपनीनं जसं लावलं तसंच लावलं, त्यात काय मोठं? चाराचं टाकून चालवून दाखवली, तर त्याच्याजवळ म्हणासाठी काही राहणार नाही."

पन्नाशीला आलेला माणूस. मला मोटारीतलं काही कळत नव्हतं, पण एवढं कळलं की हे जमलं नाही तर हा पुन्हा कोणत्याच गाडीखाली जाणार नाही. माझ्या शेजारी बसून तंबाखू चोळेल आणि पंधरा-वीस वर्षं तसाच बसेल. मी म्हटलं, "ठीक आहे. पण कुठं ठेवता?"

त्याने पुढच्या पडवीकडे पाहिलं. तिथे सासऱ्यांचा माग होता. ते गेल्यापासून बंदच. मी फक्त त्याची धूळ झटकत होते. आमचे माग खड्ड्याचे. जमिनीत खड्डा, विणणारा काठावर बसतो आणि पाय खाली सोडून पावड्या दाबतो. नवऱ्याचं म्हणणं, माग खोलला तर गाडीचं तोंड बरोबर खड्ड्यावर येईल, मग खड्ड्यात उभं राहून खालचं काम करता येईल. असा खड्डा शेठच्या गॅरेजातही सिमेंटचा बांधलेला होता.

माग खोलला तेव्हा जाऊ रडली. मी रडले नाही. वर्षानुवर्षं धूळ मी झटकली होती, तिने नाही.

दुसऱ्या दिवसापासून पडवीत अर्ध्या भागात मी आणि अर्ध्या भागात तो. मी माझ्या खड्ड्यात पाय सोडून बसायची, तो त्याच्या खड्ड्यात मांड्यांपर्यंत उभा. सकाळी आठ ते बारा, मग जेवण, मग दोन ते सहा. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण दिवसभर एकमेकांसमोर आम्ही पहिल्यांदाच काम करत होतो. मला ते बरं वाटत होतं. त्याला मी तसं सांगितलं नाही.

जीपचं इंजिन आलं. तीन बल्ल्यांची तिपाई करून साखळीच्या कप्पीने त्याने ते वर उचललं आणि गाडीत सोडायला घेतलं, तर बसेना. एका सिलिंडरने लांब पडत होतं. नवऱ्याने माझ्याकडून सुताचा तुकडा मागितला, इंजिन मापलं, जागा मापली. चार बोटं कमी.  मग बाजूचा पत्रा कापला. बॅटरी उचलून मागच्या सीटखाली नेली. रेडिएटर पुढे सरकवला. तो पुढच्या जाळीला घासायला लागला, म्हणून पुन्हा थोडा मागे घेतला. असे आठवडे गेले. जाऊ रोज येऊन पाहायची आणि म्हणायची, "भाऊजी, पोट फाडून ठेवलं तुम्ही तिचं. आता बाळंतपण कधी?"

"तुमाले बोलावतो ना वयनी. सुईण तुम्हीच."

तारांचं मात्र त्याचं आधीच चुकलं होतं. जुनं इंजिन काढताना त्याला जोडलेल्या तारा सोडवायच्या होत्या. त्याने पक्कड घेतली आणि कटाकट कापायला लागला. जुन्या गाडीत चार-सहा तारा, त्या त्याला डोळे मिटून माहीत. हिच्यात झुबकाच होता. मी माझ्या जागेवरून पाहिलं आणि उठले.

आमच्याकडे ताणा, म्हणजे मागावरच्या सुताच्या उभ्या तारा, संपत आला की तो कापून फेकत नाहीत. जुन्याची टोकं मागाच्या फणीत तशीच ठेवतात आणि नव्या ताण्याची एकेक तार एकेका जुन्या टोकाला पिळून जोडतात. शेकडो तारा. याला सांधणी म्हणतात. एक तार चुकली की सगळं लुगडं चुकतं. मी लहानपणापासून बापाच्या मागावर हेच करत आले.

किनारीचं उरलेलं रेशीम माझ्याकडे होतं. मी एक तार धरली आणि म्हटलं, "आता इथं कापा." त्याने कापली. मी दोन्ही टोकांना लाल रेशमाची एकेक गाठ मारली. पुढच्या तारेला दोन गाठी. मग हिरवं रेशीम.

"हे काय करून राहिली?"

"तुम्ही कापा. मी बांधते."

"मले माहीत आहे कोणती कुठं जाते."

"आज माहीत आहे. दिवाळीले माहीत राहीन का?"

त्याने पुढची तार माझ्यापुढे धरली. पण मी उठायच्या आधीच सहा तारा कापून झाल्या होत्या. पुढे जोडायची वेळ आली तेव्हा माझ्या गाठीच्या तारा एका दुपारी लागल्या. त्या सहांनी आठ दिवस खाल्ले. एकदा ब्रेक दाबला तर हॉर्न वाजला. जाऊ धावत आली, "आली का शुद्धीवर?"

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवशी आमच्या पडवीत गल्लीतली सगळी माणसं होती. चावी फिरवली, एकदा खाकरलं, दुसऱ्यांदा खाकरलं, तिसऱ्यांदा धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण त्या थरथरीने माझ्या मागावरच्या सात-आठ तारा तुटल्या होत्या. मी ओरडले, "बंद करा ते!" नवऱ्याला वाटलं, आग लागली. इंजिन त्याने लोखंडावर लोखंड घट्ट आवळून बसवलं होतं. मग ट्रकच्या टायरचं रबर कापून मध्ये घातलं, तेव्हा ते सुधारलं. माझ्या तारा मी जोडून घेतल्या.

इंजिनाचा नवा नंबर गाडीच्या पुस्तकात चढवायला खूप महिने लागले, ती कटकट वेगळी. नवरा काही तेवढा थांबणार नव्हता. एका सकाळी त्याने धुतलेला शर्ट घातला आणि म्हणाला, "बस."

"मी कायले?"

"एकटा जात नाही मी."

हे त्याने गाडीकडे पाहत म्हटलं. मी बसले.

लकडगंजात गॅरेजच्या फाटकातून आम्ही आत गेलो तेव्हा छोटा शेठ फोनवर बोलत होता. आवाज ऐकून त्याने फोन ठेवला. बाहेर आला, गाडीभोवती फिरला. "मिस्त्री, हिचा आवाज असा नसते."

"नसते," नवरा म्हणाला आणि बॉनेट उघडलं.

छोटा शेठ वाकला तो वाकलेलाच राहिला. गॅरेजातली पोरं गोळा झाली. कापलेला पत्रा, सरकवलेला रेडिएटर, टायरचं रबर, त्याने सगळ्यावर बोट फिरवलं. मग त्याला रेशमाच्या गाठी दिसल्या आणि तो हसला. "हे काय मिस्त्री, राख्या बांधल्या?"

नवऱ्याने हसण्यावारी नेलं असतं तर चाललं असतं. पण तो म्हणाला, "ते माझं काम नाही. घरून झालं आहे. त्यानंच चालू झाली." आणि माझ्याकडे मान केली. मी पदर सारखा केला आणि भिंतीकडे पाहिलं. पण ऐकलं.

छोट्या शेठने हात पुढे केला. "चावी द्या. कामठी रोडवर फिरवून आणतो."

"न्या. पण ऐका. इंजिन चाराचं आहे, पाणी तिनाचंच आहे. मोठा रेडिएटर अजून लावायचा आहे. पळवू नका, काट्यावर नजर ठेवा."

"हो हो," म्हणत तो गेलाही.

आम्ही बाकावर बसलो. चहा आला, तो संपला. अर्धा तास झाला. एक तास झाला. नवरा हाताची बोटं मोडत होता. पोरं आपापल्या कामाला लागली, पण सगळ्यांचे कान रस्त्याकडे. एक जण म्हणाला, "गेली वाटते." दुसऱ्याने त्याला कोपर मारलं. नवरा फाटकापर्यंत जाऊन पुन्हा येऊन बसला. मी म्हटलं, "गाडी येईन." दुसरं काय म्हणणार?

मग फाटकाशी एक विटांचा ट्रक थांबला आणि त्यातून छोटा शेठ उतरला. अंगावर विटांची लाल धूळ, घामाने शर्ट चिकटलेला. गाडी नाही.

"मिस्त्री!" तो लांबूनच ओरडला. "काय पळते गा! या ट्रकले असा मागं टाकला की विचारू नका. मग वाफ निघाली अन् बंद पडली. त्याच ट्रकवाल्यानं आणून सोडलं."

नवरा उठला. "किती पळवली?"

"नव्वद."

"अन् काटा कुठं होता?"

"कोणता काटा?"

मी माझ्या नवऱ्याला इतक्या मोठ्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "कोणता काटा? सांगतलं होतं ना तुमाले! पळवू नका म्हटलं, काटा पाहा म्हटलं! गाडी चालवाले गेले होते का पतंग उडवाले? झाकण उघडलं?"

"नाही."

"पाणी टाकलं?"

"नाही ना. तसाच सोडून आलो."

"तेवढी तरी अक्कल ठेवली. थंड पाणी टाकलं असतं तर इंजिन गेलं असतं. माणूस समजून चावी दिली मी तुमाले."

पोरांनी हातातले पाने खाली ठेवले होते. मला वाटलं, आता संपलं सगळं, मालकाला कोणी असं बोलतं का? छोटा शेठ मान खाली घालून उभा होता. म्हणाला, "चुकलं मिस्त्री."

"दोर घ्या," नवरा म्हणाला. "अन् पाण्याची कॅन. मोठी."

कॅन आणि दोर दोन्ही छोट्या शेठने स्वतः आणलं. उद्यापासून या, असं तो म्हणाला नाही. नवऱ्यानेही विचारलं नाही. गॅरेजचा ट्रक निघाला तेव्हा नवरा पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बसला होता, अन् छोटा शेठ मागे फळीवर, मांडीवर दोर घेऊन.

मी घरी कशी जाणार हे दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. मी चालत गेले. लकडगंजापासून आमचं घर काही फार लांब नाही, आणि मला हसू येत होतं, ते रिक्षात बसून हसता आलं नसतं.